जुन्या पीसीची बायॉस चिप: आधी वाचून ठेवा, मग बटण दाबा

घरात, गोडाऊनमध्ये किंवा काकांच्या बंद पडलेल्या ऑफिसात एखादा पीसी-एक्सटी किंवा २८६, म्हणजे १९८० च्या दशकातल्या जातीचा पीसी, सापडला की पहिली इच्छा काय होते, तर वायर लावायची आणि बटण दाबायचं. मला अजूनही तसंच होतं. पण हा लेख त्या बटणाच्या आधीच्या कामाबद्दल आहे, कारण त्या मशीनची हार्ड डिस्क गेली तर दुसरी मिळेल, कीबोर्ड मिळेल, मॉनिटरचं काहीतरी जुगाड होईल, पण मदरबोर्डवर सॉकेटमध्ये बसलेली जी एक बायॉसची चिप आहे, जिच्यात (एक्सटी क्लोनमध्ये बहुतेक) मोजून ८ केबीचा प्रोग्राम आहे, ती जर गेली आणि कॉपी कुठेच नसेल तर उरतो तो नुसता पत्रा. आयबीएमच्या मूळ मशीनच्या चिपा लोकांनी कधीच वाचून जपून ठेवल्यात. पण आपल्याकडे १९८४ च्या कॉम्प्युटर धोरणानंतर जे क्लोन, म्हणजे आयबीएमशी जुळणारे दुसऱ्यांनी बनवलेले पीसी, जोडले गेले, त्यातल्या कितीतरी बोर्डांची बायॉस मला शोधशोध शोधूनही सापडलेली नाही. म्हणजे तुमच्या हातात जी चिप आहे ती कदाचित शेवटची असू शकते, हे मनात धरूनच सुरुवात करा.

सोल्डरिंग येत नसलं तरी चालेल, प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल. हात स्वच्छ आणि घाई नको, बस.

आधी थोडं समजून घेऊ

कॉम्प्युटरला वीज मिळते तेव्हा प्रोसेसरला काहीही माहीत नसतं. रॅममध्ये कचरा असतो, डॉस फ्लॉपीवर असतो, आणि फ्लॉपी कशी वाचायची हेही त्याला कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारा प्रोग्राम म्हणजे बायॉस, आणि तो वीज गेली तरी टिकतो कारण तो रॉम चिपमध्ये असतो. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने जो पीसी आणला त्यात ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ प्रोसेसर होता आणि ४० केबी रॉम होती, त्यातली ३२ केबी बेसिक भाषेसाठी आणि बायॉस फक्त ८ केबी. म्हणजे ८१९२ बाइट. आज मोबाइलवर आपण एक फोटो पाठवतो त्याच्या कितीतरी कमी, आणि एवढ्यात स्क्रीन, कीबोर्ड, फ्लॉपी, घड्याळ, प्रिंटर, सगळं.

८०८८ चालू झाला की ठरलेल्या एकाच पत्त्यावर जातो, एफएफएफएफ०. एक मेगाबाइटच्या अगदी टोकाला, शेवटून १६ बाइट आधी. तिथे त्याला पहिली आज्ञा मिळाली तर मशीन जिवंत, नाही मिळाली तर पंखा फिरतोय आणि स्क्रीन काळी. (२८६ आणि ३८६ चे पत्ते मोठे असतात, पण तेही असेच टोकापासून १६ बाइट आधी.) तर हे शेवटचे १६ बाइट लक्षात ठेवा, आपण थोड्या वेळाने तेच उघडून बघणार आहोत.

पत्त्यांचे आणि बाइटांचे आकडे सोळाच्या पाढ्यात (हेक्स) आहेत, म्हणजे ० ते ९ आणि मग ए ते एफ. मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं टाकायची.

पायरी १: मशीन उघडा, वीज नको

मागे एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावर, व्होल्टेजचं लेबल बघा. कोणी नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेलं मशीन असेल तर ते ११५ व्होल्टचं असू शकतं, काहींना लाल स्लायडर असतो, काहींना तोही नसतो, आणि आपल्या २३० मध्ये लावलं की एका सेकंदात खेळ संपतो. लेबल वाचता येत नसेल तर लावूच नका.

मग झाकण काढा आणि बॅटरी शोधा. एक्सटीच्या मदरबोर्डवर बहुतेक नसते, पण २८६ ते ४८६ बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळी किंवा हिरवी पिंपासारखी बॅटरी सोल्डर केलेली दिसेल, निकेल-कॅडमियमची. ती गळते. गळतेच. आजूबाजूचं तांबं हिरवं पडलेलं दिसलं, चिपांच्या पायांवर पांढरट चुरा दिसला, तर ती आजच कापून काढा, मशीन चालू करायचं असो वा नसो. गळलेला पदार्थ अल्कली असतो म्हणून त्याला आंबट लागतं, साधं पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, जुन्या टूथब्रशने हलकं घासायचं, मग डिस्टिल्ड वॉटर आणि शेवटी मोबाइल रिपेअरवाले वापरतात ते आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. आजी पितळेची भांडी चिंचेने घासायची ना, तोच विचार आहे. पूर्ण वाळू द्या, दोन दिवस. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात करत असाल तर अजून दोन दिवस.

पायरी २: बायॉस चिप ओळखा

सॉकेटमधली लांबट चिप, २८ पायांची बहुतेक, वर कागदी किंवा चंदेरी स्टिकर, त्यावर बायॉसचं नाव, आवृत्ती, कधी ‘इव्हन’ आणि ‘ऑड’ किंवा ‘लो’ आणि ‘हाय’. स्टिकरखाली गोल काचेची खिडकी असते. ती काच क्वार्ट्झची असते, आणि ही चिप म्हणजे ईप्रॉम, अतिनील प्रकाशाने पुसली जाणारी.

म्हणून स्टिकर काढायचा नाही. हे मी परत एकदा सांगतो कारण चिपचा नंबर वाचायच्या नादात सगळे पहिल्यांदा हीच चूक करतात. ईप्रॉम बनवणाऱ्यांच्याच कागदपत्रांत लिहिलेलं असतं की थेट उन्हात ही चिप साधारण आठवड्याभरात पुसली जाऊ शकते आणि ट्यूबलाइटच्या उजेडात साधारण ३ वर्षांत. स्टिकर आधीच गळून पडला असेल तर पहिलं काम काळी इन्सुलेशन टेप किंवा ॲल्युमिनियम फॉइलवाला स्टिकर लावायचा. नंबर वाचायचाच असेल तर स्टिकरचा एक कोपरा हळूच उचला, खिडकी न उघडता, फोटो काढा, परत दाबा.

नंबरावरून माप कळतं. २७३२ म्हणजे ४ केबी, २७६४ म्हणजे ८, २७१२८ म्हणजे १६, २७२५६ म्हणजे ३२ आणि २७५१२ म्हणजे ६४. मागचा आकडा किलोबिटमध्ये असतो, ८ ने भागायचं. मध्ये ‘सी’ असेल, २७सी६४ वगैरे, तर ती नंतरची कमी वीज खाणारी सीमॉस जात. एक अडचण अगदी पहिल्या आयबीएम पीसीत येते, त्यात ८ केबीची रॉम २४ पायांची आहे आणि २७६४ ला पाय २८, त्यामुळे तिथे मध्ये अडॅप्टर लागतो. क्लोनवाल्यांनी बहुतेक सरळ २७६४ बसवली, आपलं काम सोपं झालं.

फोटो काढा. चिप सॉकेटमध्ये असताना, वरून, खाच कुठल्या बाजूला आहे ते स्पष्ट दिसेल असा. दोन चिपा असतील तर कुठली कुठे होती ते. उलटी बसवलेली ईप्रॉम वीज दिल्यावर जळते आणि मग कोणीच काही करू शकत नाही.

पायरी ३: चिप बाहेर काढा आणि वाचा

एका बाजूने स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. मी माझ्या दुसऱ्याच बोर्डवर तेच केलं, एका बाजूचा जोर जास्त झाला, दुसऱ्या बाजूचे पाय वाकले आणि कोपऱ्यातला एक पाय सरळ करताना तुटला. उरलेल्या खुंटाला रेझिस्टरच्या पायाची तार सोल्डर करून ती चिप मी वाचली, वाचली गेली म्हणून बरं, नाहीतर ती बायॉस मला परत मिळाली नसती. आयसी पुलर शंभर-दोनशे रुपयांत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत मिळतो, नसेल तर पातळ पट्टी एकदा या टोकाला एकदा त्या टोकाला, प्रत्येक वेळी अर्धा मिलिमीटर, एवढंच उचलायचं.

वाचायला यूएसबीवर चालणारा प्रोग्रामर लागतो. नवशिक्या लोकांकडे टीएल८६६ किंवा टी४८ असतो आणि तो पुरेसा आहे, लिनक्सवर त्यासाठी मिनीप्रो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. सॉफ्टवेअरमध्ये चिपचा मेक आणि नंबर निवडा, आणि ‘चिप आयडी तपासा’ ही खूण काढून टाका. कारण आयडी वाचायला प्रोग्रामर एका पत्त्याच्या पिनवर १२ व्होल्टच्या आसपास देतो, नंतरच्या चिपांना ते चालतं पण खूप जुन्या चिपेला आणि मास्क रॉमला (कारखान्यातच माहिती कोरलेली चिप) ते झेपेलच असं नाही.

आता वाचा. फाइल सेव्ह करा. चिप काढा, परत बसवा, परत वाचा, दुसऱ्या नावाने सेव्ह. तिसऱ्यांदा पण. मग तिन्ही फाइलींचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा छोटा ठसा, काढून बघा एकच येतो का. हे कंटाळवाणं वाटेल पण लेखातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच आहे आणि का ते सांगतो.

माझ्याकडच्या एका एक्सटी क्लोनची चिप मी वाचली तेव्हा पहिलं आणि तिसरं वाचन सारखं आलं आणि दुसरं वेगळं. ८१९२ बाइटमध्ये फक्त एका जागी फरक. एकीकडे सीडी, दुसरीकडे सीएफ. एवढ्याशा फरकाने काय होतं असं वाटेल, पण ८०८८ च्या भाषेत सीडी म्हणजे ‘इंटरप्ट बोलाव’, म्हणजे कोणालातरी कामाला हाक मार, आणि सीएफ म्हणजे ‘इंटरप्टमधून परत फिर’. एक बिट शून्याचा एक झाला आणि हाक मारायची आज्ञा परत फिरायची झाली. त्या जागी मशीन नक्की भरकटलं असतं आणि मी रॅम बदलत बसलो असतो, कार्डं बदलत बसलो असतो. ईप्रॉम पुसट होताना असंच होतं, शून्याचे एक होतात, पूर्ण पुसली की सगळीकडे एफएफ. पण माझ्या चिपचं तसं नव्हतं, तिच्या पायांवर काळपट थर होता, आपण ‘कार्बन आलाय’ म्हणतो तसा. आयपीएत बुडवलेल्या कापसाच्या काडीने प्रत्येक पाय पुसला, खोडरबराने हलकेच घासला, आणि मग ओळीने पाच वाचनं सारखी आली. सीडीच बरोबर होता.

बरोबर वाचलं का याची अजून एक खूण आहे. आयबीएमच्या ८ केबी बायॉसमध्ये सगळ्या बाइटांची बेरीज केली की शेवटचे दोन आकडे ०० यायला हवेत, मशीन स्वतः चालू होताना हीच बेरीज करून बघतं. प्रोग्रामरच्या सॉफ्टवेअरमध्ये चेकसम दिसतो त्याचे शेवटचे दोन आकडे बघा. बऱ्याच क्लोनवाल्यांनीही हा नियम पाळला, सगळ्यांनी नाही, त्यामुळे ०० आलं तर बऱ्यापैकी निर्धास्त व्हा आणि नाही आलं तर लगेच घाबरू नका, परत स्वच्छ करून परत वाचा.

२८६ मध्ये बहुतेक दोन चिपा असतात आणि त्या अर्धे अर्धे बाइट वाटून घेतात, एकीत सम आणि दुसरीत विषम पत्त्याचे. एकटी चिप उघडली तर ‘कॉपीराइट’ या इंग्रजी शब्दातलं एक सोडून एक अक्षर दिसेल, एकीत सी-पी-आर-जी-टी आणि दुसरीत ओ-वाय-आय-एच. चिप बिघडली नाहीये, दोन्ही फाइली एकात एक गुंफल्या की शब्द जुळतात. गुंफायचा पर्याय हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट थेट दाखवणारा प्रोग्राम) असतो, नाहीतर पायथनमध्ये चार ओळी. मूळ दोन फाइली मात्र वेगळ्याच ठेवा.

प्रोग्रामर नसेल तर

मशीन चालू अवस्थेत असेल आणि डॉस येत असेल तर डॉसबरोबर येणारा डीबग वापरून रॉमची कॉपी काढता येते. डीबग चालू करा, आणि एकेक ओळ:

एम एफ०००:ई००० एल २००० १००
एन बायॉस.बिन
आर सीएक्स (तो विचारेल, २००० द्या)
डब्ल्यू
क्यू

पहिली ओळ रॉममधले ८ केबी उचलून रॅममध्ये ठेवते, पुढच्या ओळी ते फाइलमध्ये लिहितात. २००० हे सोळाच्या पाढ्यातले, म्हणजे आपले ८१९२. फाइलचं नाव इंग्रजीतच. पण ही कॉपी दुय्यम समजा. एक्सटीत ती चिपसारखीच असते, पण १९९० च्या दशकातल्या बऱ्याच बोर्डांत बायॉस चिपमध्ये दाबून, आकुंचन करून भरलेली असते आणि चालू होताना रॅममध्ये उलगडते, तेव्हा मेमरीतून काढलेली कॉपी म्हणजे चिपमधलं मूळ नव्हे.

पायरी ४: शेवटचे १६ बाइट वाचा

आता मजा. हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडा आणि अगदी शेवटी जा. आयबीएमच्या पहिल्या एक्सटीची असेल तर असं काहीतरी:

ईए ५बी ई० ०० एफ० ३१ ३१ २एफ ३० ३८ २एफ ३८ ३२

ईए म्हणजे ‘उडी मार’. कुठे, ते पुढच्या चार बाइटांत, पण उलट क्रमाने. इंटेलचा प्रोसेसर लहान भाग आधी ठेवतो आणि मोठा नंतर. मराठी माणसाला हे अवघड जायला नको, आपण पंचवीस म्हणतो म्हणजे आधी पाच मग वीस, सदतीस म्हणजे आधी सात मग तीस. तसंच ५बी ई० हे ई०५बी वाचायचं आणि ०० एफ० हे एफ०००. म्हणजे एफ०००:ई०५बी वर उडी. मग ३१ ३१ २एफ वगैरे आहे ती तारीख, अक्षरांत, ११/०८/८२. ही अमेरिकन पद्धत, महिना आधी, त्यामुळे ८ नोव्हेंबर १९८२, ११ ऑगस्ट नव्हे. शेवटून दुसरा बाइट मशीनची जात सांगतो, एफएफ असेल तर पीसी, एफई असेल तर एक्सटी, एफसी असेल तर एटी, म्हणजे २८६ ची पिढी.

तुमच्या क्लोनमध्येही ही उडी बहुतेक ई०५बी वरच जाईल. बायॉस लिहिणारे वेगळे, आतला प्रोग्राम वेगळा, तरी पत्ता तोच. कारण त्या काळातले काही प्रोग्राम बायॉसच्या ठरलेल्या पत्त्यांवर थेट उडी मारायचे, त्यामुळे क्लोनवाल्यांना दारं त्याच जागी ठेवावी लागली आणि मागचं घर स्वतःचं बांधावं लागलं. आयबीएमने बायॉसचा सगळा सोर्स स्वतःच्या टेक्निकल रेफरन्स पुस्तकात छापला होता, पण छापला म्हणजे फुकट झाला असं नाही, कॉपीराइट त्यांचाच. म्हणून कॉम्पॅक कंपनीने आणि नंतर १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने एका टीमला अभ्यास करून फक्त ‘काय करायचं’ ते लिहायला लावलं आणि आयबीएमचा कोड न पाहिलेल्या दुसऱ्या टीमने ते नव्याने लिहिलं. आपल्या ऑफिसांत, बँकांत आलेले स्वस्त पीसी यामुळे शक्य झाले.

उडी मारल्यावर काय होतं तेही बघा. नॅझम या मोफत असेंब्लरबरोबर त्याचा डिसअसेंब्लर (बाइटांवरून आज्ञा वाचून दाखवणारा) येतो, त्याला १६ बिट मोड आणि सुरुवातीचा पत्ता ई००० सांगा. आयबीएमच्या बायॉसमध्ये पहिली आज्ञा इंटरप्ट बंद करते, आणि त्यानंतर लगेच तो स्वतः प्रोसेसरचीच परीक्षा घेतो, झेंडे म्हणजे फ्लॅग मुद्दाम लावून बघतो की ते लागले का, नाही लागले तर तिथेच थांबतो. रॅम अजून तपासलेली नाही म्हणून रॅमला हातसुद्धा लावत नाही, स्टॅक (रॅममधली तात्पुरत्या नोंदींची जागा) न वापरता काम चाललेलं असतं. कोणावरच विश्वास नाही अशा जागेवरून सुरुवात करून एकेका भागाची खात्री करत पुढे जायचं, आधी प्रोसेसर, मग रॉमची बेरीज, मग टायमर आणि डीएमए (प्रोसेसरशिवाय मेमरीत डेटा हलवणारी चिप), मग रॅमचे पहिले काही केबी. मी हा भाग पहिल्यांदा ओळ ओळ वाचला तेव्हा रात्रीचे दोन कसे वाजले कळलं नाही.

पायरी ५: एक अक्षर काढून बघा

हे जरूर करा, दहा मिनिटांचं काम आहे. आयबीएमसारख्या बायॉसमध्ये एफ०००:एफए६ई पासून १२८ अक्षरांचे आकार ठेवलेले असतात, एका अक्षराला ८ बाइट. इंग्रजी कॅपिटल ‘ए’ चा क्रमांक ४१, म्हणून तो येतो एफसी७६ वर, तुमच्या ८ केबी फाइलमध्ये १सी७६ ला. तिथले ८ बाइट घ्या आणि चौकटीच्या वहीत एकेक बाइट एका ओळीत मांडा, बिट १ असेल तर चौकट भरा:

३० ··██····
७८ ·████···
सीसी ██··██··
सीसी ██··██··
एफसी ██████··
सीसी ██··██··
सीसी ██··██··
०० ········

दिसला ना? आता याच ८ बाय ८ मध्ये ‘र्की’ काढायचा प्रयत्न करा. शिरोरेखा एक ओळ खाते, वर रफार आणि वेलांटी, खाली ‘कू’ असेल तर उकार, जागाच नाही. आणि १२८ आकारांत जोडाक्षरं बसणारही नाहीत. डॉसच्या काळात मराठी दिसायला वेगळं कार्ड का लागायचं ते या वहीच्या पानावर कळतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्यात सीडॅकने वाढवलेलं जिस्ट तंत्रज्ञान, त्याचं कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसायचं आणि डॉसच्या प्रोग्राममध्ये देवनागरी यायची.

पायरी ६: आधी इम्युलेटरमध्ये, मग खऱ्या मशीनवर

८६बॉक्स नावाचा इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, घ्या, तो खरी बायॉस फाइल वापरतो. (डॉसबॉक्स इथे उपयोगाचा नाही, त्यात स्वतःची आतली बायॉस असते.) तुमच्या मशीनशी जुळणारा एक्सटी निवडा आणि त्याच्या रॉमच्या जागी, त्याच नावाने, तुमची फाइल ठेवा. सगळे क्लोन जुळतील असं नाही, पण मेमरी मोजताना दिसली, बीप आला, तर फाइल जिवंत आहे.

मग खरं मशीन. कार्डं काढून ठेवा, फक्त डिस्प्ले कार्ड आणि स्पीकर. पहिल्यांदा वीज देताना जवळ उभे राहा, हात बटणावर, जुने टँटॅलम कपॅसिटर शॉर्ट होतात आणि एसएमपीएसमधले फिल्टर कपॅसिटर धूर सोडतात. एक छोटा बीप म्हणजे ठीक. एक लांब आणि दोन छोटे म्हणजे बहुतेक डिस्प्ले. स्क्रीनवर २०१ आलं तर रॅम, ३०१ कीबोर्ड, ६०१ फ्लॉपी, १७०१ हार्ड डिस्क. एटी आणि नंतरच्या बोर्डांवर पोस्ट कार्ड (सुरुवातीची तपासणी कुठे अडली ते दाखवणारं) लावलं की ८० नंबरच्या पोर्टवरचे कोड आकड्यांत दिसतात. अजिबात आवाज नसेल तर सुपरसॉफ्ट-लँडमार्कसारखी डायग्नॉस्टिक रॉम बायॉसच्या जागी बसवून बघतात, ती रॅम न वापरता तपासणी सुरू करते.

चालू झालं, डॉस आला, की डीबगमध्ये हा आठ बाइटांचा प्रोग्राम टाका. ‘ई १००’ आणि मग

बी४ ०ई बी० ४१ सीडी १० सीडी २०

आणि ‘जी’. स्क्रीनवर ‘ए’ उमटेल. पहिल्या चार बाइटांनी सांगितलं की अक्षर लिहायचंय आणि ते ४१ नंबरचं आहे, मग सीडी १० ने बायॉसला हाक मारली, तोच सीडी जो माझ्या चिपमध्ये एका बिटाने हरवत होता, आणि सीडी २० ने डॉसकडे परत. १० नंबर स्क्रीनचा, १३ डिस्कचा, १६ कीबोर्डचा. १९ नंबरची हाक मशीन चालू होताना शेवटी जाते, ती डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर ७सी०० या पत्त्यावर आणते आणि मशीन त्याच्या हवाली करते, बायॉसचं राज्य संपून डॉसचं सुरू होतं ते तिथे.

कार्डांवरच्या रॉमही बायॉसच शोधतो. सी८००० पासून पुढे दर २ केबीला बघतो की ५५ एए अशी खूण आहे का, तिसरा बाइट त्या रॉमची लांबी सांगतो, ५१२ च्या पटीत. बेरीज ०० आली तर तो त्या रॉमला काम करू देतो. आजकाल एक्सटीत हार्ड डिस्कऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड चालवायला एक्सटी-आयडीई नावाची मोफत बायॉस याच दारातून आत येते. पण आयबीएम पीसीच्या पहिल्या बायॉसला हे शोधणं येत नाही, त्यासाठी २७ ऑक्टोबर १९८२ ची किंवा नंतरची आवृत्ती लागते.

पायरी ७: मशीनमध्ये कॉपी, मूळ डबीत

मूळ चिप परत मशीनमध्ये लावून वापरत बसू नका. २७सी६४ घ्या, १२.५ व्होल्टवर लिहिली जाणारी, कारण जुन्या चिपांना लिहायला २१ किंवा २५ व्होल्ट लागतात आणि काही स्वस्त प्रोग्रामर तेवढे देत नाहीत. अतिनील दिवा नसेल तर विनबाँडची २७सी५१२ बघा, ती प्रोग्रामरवरच विजेने पुसता येते. ती ६४ केबीची आहे म्हणून तुमची ८ केबी फाइल आठ वेळा एकामागोमाग जोडून भरा, म्हणजे वरच्या पिना सॉकेटमध्ये कशाही असल्या तरी प्रोसेसरला तेच दिसेल. मूळ बायॉस गेलीच असेल तर एक्सटीसाठी ग्लाबायॉस नावाची ओपन सोर्स बायॉस आहे.

मूळ चिप काळ्या अँटिस्टॅटिक फोममध्ये, स्टिकरसकट, झाकणाच्या डबीत. फाइलबरोबर एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: बोर्डवर छापलेलं नाव आणि नंबर, स्टिकरवर जे जसं लिहिलंय तसं, चिपचा नंबर, किती वेळा वाचली, हॅश, बेरीज, तारीख, आणि चिप जागेवर असतानाचा तो फोटो.

आणि मशीनमधलं प्रत्येक कार्ड बाहेर काढून बघा. सरकारी कचेरी, छापखाना, जुनं डीटीपी सेंटर अशा ठिकाणाहून आलेलं मशीन असेल तर विशेष. एखाद्या लांब कार्डावर खिडकीवाल्या चिपा दिसल्या आणि ते देवनागरीचं कार्ड निघालं तर बायॉसच्याही आधी त्या वाचा, प्रत्येक चिप तीनदा, क्रमांक घालून, आणि वहीत अक्षरं काढून बघा.